२/५ म्हणजे तारीख नव्हे: टोब्रुकला शत्रूच्या हाती सापडलेल्या एका शिपायाची नोंद

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, वेंगुर्ले रस्त्याच्या आसपासच्या एका गावातलं हे प्रकरण आहे. कुटुंबाचं नाव-गाव मुद्दाम दिलेलं नाही. आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सांगोवांगीची हकिकत अशी: ब्रह्मदेशात लढले, जपान्यांनी धरलं, लढाई संपल्यावर हाडांचा सापळा होऊन, चालत परत आले. आजोबा १९७० च्या दशकात वारले. आजी त्यांच्या मागे बरीच वर्षं होत्या. नातवाच्या हाताशी उरलं ते माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत: चांदणीच्या आकाराचं एक काळवंडलेलं मेडल, एक गोल मेडल, कसरीनं खाल्लेला चार घड्यांचा कागद आणि गणवेशातला एक फोटो.

त्याला तीन गोष्टी हव्या होत्या. आजोबा कुठल्या पलटणीत होते, कुठे लढले आणि त्यांचं नाव कधी कटलं, म्हणजे ते फौजेतून कधी सुटले.

त्यानं आधी जे केलं तेच बहुतेक लोक करतात. बेळगावातच मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आहे, रेकॉर्ड ऑफिसही इथंच आहे, म्हणून तिथं अर्ज टाकला: ‘माझ्या आजोबांचं संपूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड मिळावं.’ सोबत नाव, गाव आणि ‘दुसरं महायुद्ध’ एवढाच तपशील. उत्तर दोन ओळींचं आलं. सैनिक क्रमांकाशिवाय शोध घेता येत नाही, आणि त्या काळातले सेवेचे कागद मुदत संपल्यामुळे नष्ट केलेले आहेत. घरच्यांनी धरलं की विषय संपला.

विषय संपलेला नव्हता. उत्तर नियमाला धरून होतं, अर्ज चुकला होता. मागायची वस्तूच वेगळी होती.

नष्ट काय होतं आणि राहतं काय

शिपाई भरती झाला की त्याची शीट रोल उघडते. भरती, बदल्या, बढत्या, शिक्षा, रजा, वारसाचं नाव, सगळं तिच्यात चढतं. पेन्शन न घेता सुटलेल्या माणसाचे हे कागद सुटकेनंतर २५ वर्षं ठेवून नष्ट करायचे, असा नियम आहे. आज त्यासाठी ‘रेग्युलेशन्स फॉर द आर्मी’ मधल्या ५९५ व्या परिच्छेदाचा दाखला दिला जातो. पेन्शनरांचे कागद त्याहून जास्त काळ राहतात. महायुद्धासाठी घेतलेले आणि महायुद्ध संपल्यावर घरी पाठवलेले हजारो लोक पेन्शनीला पात्रच झाले नाहीत. १९४६ साली सुटलेल्या माणसाची मुदत १९७१ साली भरली. नातवाचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता.

पण लाँग रोल वेगळा. ते मोठं रजिस्टर असतं. त्यात माणसामागे एक ओळ: नंबर, नाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, सुटण्याचं कारण. तो कायमचा ठेवायचा दस्तऐवज आहे. शीट रोल नष्ट झालेल्या माणसांचे खटले आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलपुढे चालतात तेव्हा लष्कर जी नोंद पुढे करतं, ती बहुतेक वेळा या लाँग रोलचीच असते. म्हणून अर्जात ‘सर्व्हिस रेकॉर्ड’ हा शब्द लिहिला की उत्तर ‘नष्ट’ असं येतं, आणि ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा’ असं लिहिलं की कारकुनाला कुठलं रजिस्टर काढायचं ते कळतं. या एका फरकावर लोकांची वर्षं गेली आहेत.

अडचण एकच. लाँग रोल नंबराच्या क्रमानं असतो. एकाच नावाची नि एकाच आडनावाची डझनावारी माणसं त्या रेजिमेंटमध्ये होती. नाव देऊन तो चाळणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं, आणि ते काम कुठलंही ऑफिस करणार नाही. म्हणून पहिला आणि खरा शोध नंबराचा. तो बहुतेक वेळा घरातच असतो.

मेडलच्या कडेवरचा नंबर

दुसऱ्या महायुद्धातली मेडलं ब्रिटिश सैनिकांना कोरी दिली गेली, त्यांच्यावर नाव नाही. भारतीय सैन्याला दिलेल्या मेडलांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल मेडलवर ती कडेला असते, चांदणीवर मागच्या बाजूला. पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलांवर तर ब्रिटिश असो वा भारतीय, सगळ्यांचीच नावं कडेवर आहेत. लोक मेडलचा दर्शनी भाग बघतात, कड बघत नाहीत.

इथं एक कळकळीची विनंती. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, पितळ उजळायची पावडर, यातलं काहीही लावू नका. ठोकलेली अक्षरं मुळात उथळ असतात. दिवाळी-दसऱ्याला घासून घासून ती सपाट झालेली मेडलं इकडे घरोघर दिसतील. कोरड्या मऊ सुती कापडानं धूळ टिपायची, बस्स. मग खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी मेडलच्या अगदी बाजूनं, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरायची आणि दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढायचे. उजेड वरून पडला तर अक्षर दिसत नाही, आडवा पडला की खाचेत सावली बसते आणि आकडा उठून येतो. चांदणी हळूहळू फिरवत चारही बाजूंनी आठ-दहा फोटो काढावेत. तरीही आकडा लागला नाही तर पातळ कागद वर ठेवून मऊ शिसपेन्सिलीनं आडवं घासावं. कागदावर छाप उमटतो.

या प्रकरणात चांदणीच्या मागं नंबर दिसला, पण एक आकडा तीन की आठ ते कळेना. गोल मेडलच्या कडेवर तोच आकडा स्पष्ट आठ निघाला. दोन मेडलं असतील तर दोन्ही वाचावीत, ते यासाठी.

आणि मग चांदणीचा दर्शनी भाग. मधल्या राजमुद्रेभोवतीच्या वर्तुळात इंग्रजी अक्षरं होती. ती घरात कधी कुणी वाचलीच नव्हती. तिथं ‘बर्मा’ नव्हतं, ‘आफ्रिका’ होतं.

आफ्रिका स्टार १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेत, किंवा एरिट्रिया, ॲबिसिनिया अशा ठिकाणच्या मोहिमेत असलेल्यांना मिळाला. त्याची फीत फिकट वाळूच्या रंगाची, मधोमध रुंद लाल पट्टा, एका बाजूला बारीक गडद निळा आणि दुसऱ्या बाजूला बारीक आकाशी. फीत शिल्लक असेल तर तिच्यावर ‘८’ आकड्याची छोटी पट्टी आहे का बघावं. ती ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीची खूण, २३ ऑक्टोबर १९४२ पासून पुढे त्या आर्मीत लढलेल्यांनाच मिळालेली. इथं फीत होती, पट्टी नव्हती, आणि पट्टी टाचल्याची भोकंही नव्हती. एका नसलेल्या वस्तूवरून निष्कर्ष काढू नये, ती हरवलेलीही असू शकते. पण तो एक इशारा होता, आणि तो पुढे खरा ठरला.

कसरीनं खाल्लेला कागद

डिस्चार्ज सर्टिफिकेट. घड्यांवर फाटलेलं, खालचा कोपरा गेलेला. अशा कागदाला चिकटपट्टी लावायची नाही. पाच-सात वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरासकट निघते. लॅमिनेशन तर अजिबातच नको. दमट हवेत घडी उलगडायची घाईही नको. चंदगड-खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या पावसाळ्यात माळ्यावरचा कागद ओलसर असतो आणि चिकटलेली घडी ओढली की शाई दुसऱ्या बाजूला जाते. कोरड्या दिवसात, सावलीत, दोन दिवस नुसता ठेवून मग हलक्या हातानं उघडावा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि प्लास्टिकच्या पिशवीत न घालता साध्या कागदी पाकिटात ठेवावा.

कागदावर वाचता आलं ते असं: नंबर (मेडलशी जुळला), हुद्दा शिपाई, ‘२/५’ आणि पुढे अर्धवट ‘महरट्टा’. सुटण्याचं कारण: सेवेची आता गरज नाही. गाव, तालुका चंदगड, जिल्हा बेळगाव. खाली ट्रेनिंग सेंटरचा शिक्का, बेळगावचा.

या चार ओळींत चार ठिकाणी माणूस घसरतो.

‘२/५’ ही तारीख नव्हे. पहिला आकडा पलटणीचा, दुसरा रेजिमेंटचा. १९२२ साली जुन्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ नंबरच्या पलटणी एकत्र करून पाचवी महरट्टा लाइट इन्फन्ट्री झाली. २/५ म्हणजे तिची दुसरी पलटण, पूर्वीची १०५, आपल्याकडची ‘काळी पाचवी’. १/५ म्हणजे ‘जंगी पलटण’. १९४५ नंतर रेजिमेंटच्या नावातला पाच गेला आणि स्वातंत्र्यानंतर ‘महरट्टा’ चं ‘मराठा’ झालं. म्हणून इंग्रजी सूचीत शोधताना एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असंच टाकावं लागतं. आजच्या स्पेलिंगनं जुने कागद सापडत नाहीत.

दुसरं, शिक्का. १०/५ ही रेजिमेंटची ट्रेनिंग पलटण, १९२२ पासून बेळगावात, तिचंच पुढे सेंटर झालं. लढाईवरून आलेला माणूस सेंटरमधूनच घरी जाई. म्हणून शिक्का बेळगावचा असतो. तो पाहून ‘आजोबा सगळा वेळ बेळगावच्या कॅम्पातच होते, परदेशी गेलेच नाहीत’ असा निष्कर्ष काढलेली कुटुंबं आहेत. शिक्का सुटल्याची जागा सांगतो, लढल्याची नाही.

तिसरं, कारण. ‘सेवेची गरज नाही’ हा शेरा वाचून घरचे दचकले, काही गुन्हा होता की काय! नव्हता. महायुद्ध संपल्यावर फौज कमी केली गेली तेव्हा चांगल्या वर्तणुकीच्या माणसांच्या कागदांवरही असले शेरे पडले. वर्तणुकीचा रकाना वेगळा असतो, तो बघावा.

चौथं, जिल्हा, आणि हे खास आपल्या भागाचं दुखणं. चंदगड १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात. उलट बाजूनं रायबाग आधी कोल्हापूर संस्थानात होतं आणि नंतर बेळगाव जिल्ह्यात आलं. म्हणजे आज चंदगड तालुक्यात असलेल्या गावचा शिपाई जुन्या कागदात बेळगावचा आणि आज रायबागेत असलेला कोल्हापूरचा. बाची ओलांडून शिनोळीत पाऊल टाकलं की राज्य बदलतं, पण १९४० च्या कारकुनाला तिथं कुठलीच रेघ दिसत नव्हती. शोधताना गावाचा १९५६ पूर्वीचा तालुका-जिल्हा काय होता, हे आधी कागदावर लिहून घ्यावं.

भाकरीला ‘पाने’

आफ्रिका स्टार मिळालेल्या मराठा पलटणी एकाहून जास्त. ३/५ ही १९४१ साली एरिट्रियात केरनच्या डोंगरांवर लढली आणि पुढे इटलीत गेली. त्याच पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २/५ ची कथा वेगळी आहे. ती ११ व्या इंडियन ब्रिगेडबरोबर लिबियातल्या टोब्रुकच्या तटबंदीत होती, आग्नेय बाजूला. २० जून १९४२ च्या सकाळी विमानांनी भाजून काढल्यावर जर्मन सेनापती रोमेलचे रणगाडे नेमके त्याच बाजूनं आत घुसले. २१ तारखेला टोब्रुकनं हत्यार ठेवलं. तीस हजारांवर सैनिक कैद झाले आणि २/५ जवळजवळ अख्खी त्यांत गेली. ‘८’ च्या पट्टीचा इशारा खरा ठरला तो असा: ती पट्टी ज्या ऑक्टोबरपासून मिळते, त्याच्या आधीच ही पलटण कैदेत होती.

कागदावरचा ‘२/५’ वाचल्यावर नातवानं घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आत्याला पुन्हा विचारलं. या वेळी ब्रह्मदेशाबद्दल न विचारता, बाबा घरी काय बोलायचे, एवढंच विचारलं. आत्या म्हणाल्या, “जेवायला बसले की ‘पाने दे गं’ म्हणायचे. आम्ही पोरी परसातनं केळीची पानं आणून द्यायचो, मग पोट धरून हसायचे. भाकरी पाहिजे असायची त्यांना.”

‘पाने’ हा इटालियन भाषेत पावाला शब्द. टोब्रुकला धरलेले बहुतेक कैदी इटलीच्या ताब्यात गेले. तिथं भारतीय कैद्यांच्या छावण्या होत्या, मध्य इटलीतल्या अवेझ्झानोची ९१ नंबरची त्यांतली एक. केळीच्या पानांवरून हसणारा तो माणूस भाकरीचा शब्द तुरुंगात शिकून आला होता.

मग ब्रह्मदेश कुठून आला? ४/५ पलटण १९४४ साली मणिपूरच्या सीमेवर सांगशाकच्या परिसरात जपान्यांशी लढली. त्याच गावातली इतर माणसं तिकडे होती. गावात ‘लढाई’ म्हणजे ब्रह्मदेश, असं समीकरण बसलं, आणि एका घरची हकिकत दुसऱ्या घरात मुरली. घरच्या आठवणीतला प्रसंग, शब्द, खाणं, थंडी, आजार हे बहुधा खरे असतात. देश नि शत्रू मात्र अदलाबदल होतात. म्हणून म्हाताऱ्यांना ‘कुठे लढले’ विचारू नये, ‘काय सांगायचे’ ते विचारावं.

सैनिक कल्याण कार्यालयातली फाइल

नंबर मिळाला होता, तरी रेकॉर्ड ऑफिसकडे जाण्याआधी आणखी एक दार ठोठावणं शहाणपणाचं. पेन्शन नसलेल्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारकडून मासिक अनुदान मिळतं, ते जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. आजींनी वारण्याआधी असा अर्ज केल्याचं आईला अंधूक आठवत होतं. अनुदान द्यायचं तर माणूस खरंच फौजेत होता याची खात्री करून घ्यावी लागते. म्हणजे त्या फाइलीत रेकॉर्ड ऑफिसचं पत्र असण्याची शक्यता मोठी.

कुठल्या जिल्ह्यात बघायचं? शिपायाचं मूळ गाव आता कोल्हापूर जिल्ह्यात, विधवा राहायला बेळगाव तालुक्यात. फाइल राहत्या पत्त्याला धरून असते. घरच्यांनी आधी मूळ गाव धरून चौकशी केली, तिथं काहीच नव्हतं. बेळगावला लेखी अर्ज दिल्यावर सापडली. सीमाभागात दोन्हीकडे विचारावं, आधी जिथं विधवा शेवटी राहिली तिथं. फाइलीतल्या पत्रात नंबर तोच होता. नाव मात्र दुसऱ्या स्पेलिंगनं.

नावाचं सांगायलाच हवं. त्या काळी फौजेची लिखापढी रोमन उर्दूत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या उर्दूत चाले. भरतीच्या रांगेतला मुलगा आपलं नाव आपल्या बोलीत सांगे आणि कारकून जे ऐकू आलं ते लिही. ‘ज्ञानू’ कुठे डी-एन पासून सुरू होतो, कुठे जी पासून. ‘यशवंत’ चं ‘येशवंत’ होतं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या नोंदीतही तसंच आहे. ‘ळ’ चा ‘ल’ होतो. रामचंद्र हा फौजेत नुसता ‘रामा’ असतो. आणि आडनाव! पाटीलकी आलेली घरं आज पाटील लावतात, फौजेत मूळ आडनाव लागलेलं असतं. त्यात कर्नाटकातले आजचे दाखले कन्नडमध्ये. गावाचं आणि माणसाचं नाव मराठी उच्चार, कन्नड लेखन आणि इंग्रजी टंकन अशा तीन चाळण्यांतून जातं. सगळी रूपं एका कागदावर मांडावीत आणि प्रत्येक शोधात सगळी वापरावीत.

दुसरा अर्ज

दुसरा अर्ज एका पानाचा होता, इंग्रजीत. वर ठळक अक्षरांत नंबर. त्याखाली हुद्दा, नाव (फौजेतल्या स्पेलिंगनं आणि कंसात आजच्या), पलटण २/५, भरतीच्या वेळचं गाव-तालुका-जिल्हा (‘तेव्हाचा बेळगाव जिल्हा, आता कोल्हापूर’ अशा खुलाशासह) आणि सुटल्याचं साल. मग मागणी एकाच वाक्यात: लाँग रोलमधील नोंदीचा साक्षांकित उतारा द्यावा, त्यात भरतीची तारीख, सुटल्याची तारीख व कारण, सुटतानाचा हुद्दा आणि नोंद असल्यास पलटण व वारस यांचा उल्लेख असावा. लढायांबद्दल प्रश्न नाही, ‘शौर्याची माहिती’ नाही. लाँग रोलमध्ये नसलेलं मागितलं की अर्ज वेगळ्या टेबलावर जातो.

सोबत जोडलं ते: डिस्चार्ज सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू, मेडलच्या कडेचे फोटो, सैनिक कल्याण कार्यालयातल्या पत्राची प्रत, आजोबांचा मृत्यूचा दाखला, नातवाचं आधार आणि वंशवृक्ष. वंशवृक्ष नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीतून) काढावा लागतो आणि तो कन्नडमध्ये येतो. हातात पडताच तिथंच उभं राहून प्रत्येक नाव वाचून घ्यावं. एका काना-मात्रेसाठी पुन्हा फेरी पडते. नावांत फरक असल्यामुळे ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र नोटरी करून लावलं. वंशवृक्षाचं आणि मृत्यूच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतरही जोडलं, कारण फाइल वाचणारा कारकून कन्नड वा मराठी जाणणारा असेलच असं नाही.

माहितीच्या अधिकाराखाली टाकावं का? सुरुवातीला नको, असं आमचं मत. साधा अर्ज वारसाचा म्हणून येतो आणि त्याकडे त्याच नजरेनं पाहिलं जातं. माहितीच्या अधिकारात ‘उपलब्ध असलेली माहिती’ एवढंच बंधन आहे, शोधाशोध करून देण्याचं नाही. साध्या अर्जाला बरेच दिवस काहीच उत्तर आलं नाही तर मात्र जरूर टाकावा: फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, चुकीच्या ऑफिसात पडला तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा, आणि नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील.

उतारा आला. भरती १९४०, सुटका १९४६, हुद्दा शिपाई, वर्तणूक चांगली. पकडले गेल्याचा उल्लेख त्यात नव्हता, आणि नसतोच.

कैदेचा माग

कैदेसाठी वेगळे दरवाजे आहेत. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे दोन्ही महायुद्धांतल्या कैद्यांच्या याद्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या ऑनलाइन खुल्या आहेत. दुसऱ्यासाठी अर्ज करावा लागतो आणि ते ठरावीक काळातच, ठरावीक संख्येनं अर्ज घेतात. खिडकी उघडली की लगेच भरावा. नाव सगळ्या स्पेलिंगांसह, नंबर, पलटण आणि पकडल्याची जागा व तारीख (इथं टोब्रुक, जून १९४२) ही माहिती तयार ठेवावी. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ४१६ या मालिकेत जर्मनांनी कैद्यांची भरलेली कार्डं आहेत. त्यांत नाव असेल तर माणूस जर्मनांच्या ताब्यात गेला होता, हे पक्कं.

तसं घडण्याची शक्यता होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली. काही कैदी डोंगरात पळाले, शेतकऱ्यांनी त्यांना जगवलं. बाकीच्यांना जर्मनांनी रेल्वेनं उत्तरेकडे नेलं. भारतीयांचा एक मोठा तळ जर्मनीत अ‍ॅनाबुर्गला होता, एक फ्रान्समध्ये एपिनालला. एपिनालवर ११ मे १९४४ ला दोस्त राष्ट्रांचेच बॉम्ब पडले, भिंती कोसळल्या आणि सुमारे पाचशे भारतीय चालत स्वित्झर्लंडला पोहोचले. ‘चालत आले’ हा घरच्या हकिकतीतला तुकडा इथला असू शकतो. असू शकतो, एवढंच. पुरावा येईपर्यंत तो वहीत पेन्सिलीनंच लिहिलेला बरा.

पलटणीच्या वॉर डायऱ्या क्यूमध्ये आहेत: मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका डब्ल्यूओ १६९ मध्ये, इटली १७० मध्ये, ब्रह्मदेश १७२ मध्ये, पहिलं महायुद्ध ९५ मध्ये. सूची फुकट बघता येते, प्रतींना पैसे पडतात. पैसे भरण्याआधी एक समजून घ्यावं: डायरीत रोजच्या हालचाली आणि अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायाचं नाव क्वचित. आजोबा सापडायची आशा ठेवून डायरी मागवू नये, आजोबा ज्या दिवसांत होते ते दिवस कळावेत म्हणून मागवावी. बहादुरीच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३ मध्ये आहेत.

जिथं वेळ जातो

नातवानं सुरुवातीला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर आजोबांचं नाव टाकलं होतं. बेळगाव जिल्ह्याचं, त्याच नावा-आडनावाचं माणूस इटलीतल्या कॅसिनो मेमोरियलवर सापडलं. ते पान नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलंही. वडिलांचं नाव वेगळं होतं, नंबर वेगळा होता. मुळात ती सूची फक्त मेलेल्यांची: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत गेलेल्यांची. जिवंत परतलेला माणूस तिथं असणारच नाही. पण जो परतला नाही त्याच्यासाठी याहून चांगलं ठिकाण नाही. फुकट आहे, आणि बऱ्याच नोंदींत बापाचं नाव व गावही आहे. केरन, सांग्रो, फोर्ली, इंफाळ इथं भारतीयांचं दहन झालं आणि त्यांची नावं दहन-स्मारकांवर आहेत. म्हणून ‘थडगं नाही’ म्हणजे ‘नोंद नाही’ असं समजू नये.

पणजोबा पहिल्या महायुद्धात असतील तर नंबराआधी पलटणीचा जुना आकडा शोधावा. १०३, ११० किंवा ११७ असेल तर मेसोपोटेमियातलं (आजच्या इराकमधलं) कुत-अल-अमारा आधी डोक्यात घ्यावं. तिथला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला. मेसोपोटेमियात मेलेल्या पण थडगं नसलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. भारतीय शिपायांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली नव्हती, ती कमिशनच्या नोंदीतच बघावी लागतात. सरकारनं बसवलेला पहिल्या महायुद्धाचा दगड गावात असेल तर त्यावर किती गेले आणि किती मेले एवढे आकडेच असतात, नावं नसतात.

इंटरनेटवर गाजलेली शिपायांच्या नोंदींची पंजाबची रजिस्टरं आपल्या कामाची नाहीत, ती पंजाबचीच आहेत. आणि फोटोतल्या टोपीवर बिगुलाचा बिल्ला नसेल तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हट्टही धरू नये. महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ साली बेळगावातच उभी राहिली, पण तिचं सेंटर आता मध्य प्रदेशात सागरला आहे. सॅपर्सची, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणींची, चौकशी खडकीला करावी. बेळगावात भरती झाला म्हणजे मराठा पलटणीतच गेला, असं नाही.

या कुटुंबाचा रेड क्रॉसकडचा अर्ज अजून बाकी आहे. त्यासाठी नावाच्या सात स्पेलिंगांची यादी केली आहे. आत्यांनी सांगितलेले आणखी तीन शब्द तिच्याखाली, ऐकू आले तसेच, देवनागरीत लिहून ठेवले आहेत.